कराटेत डॅन मिळतो, मग तालमीत ‘वस्ताद’ ही पदवी नक्की कोण देतं?

सातारा असो नाहीतर सांगली, चौकात एक फ्लेक्स हमखास लागलेला दिसतो. पांढरा ड्रेस, कमरेला काळा पट्टा, हाताची घडी घातलेले सर आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलेलं, “सरांना सहावा डॅन मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!” तोच फोटो फिरत फिरत आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो. आपण हार घातलेला इमोजी टाकतो आणि पुढं जातो.

आता खरं सांगा, पाचवा डॅन आणि सहावा डॅन यात फरक काय असतो? तो कोण देतं? आणि सरांचा पट्टा तर आधीपासून काळाच होता, मग बढती कशातून झाली?

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. त्याच चौकातून दोन गल्ल्या आत गेलं की एक तालीम लागते. तिथं पहाटे चार वाजता उठून तीस-चाळीस वर्षं पोरांकडून जोर-बैठका काढून घेणारा एक माणूस असतो. अख्खं गाव त्याला ‘वस्ताद’ म्हणतं. त्याला ही पदवी कुणी दिली? कोणत्या तारखेला दिली? आणि त्याचा फ्लेक्स कधी लागला होता?

बऱ्याचदा उत्तर असतं, श्रद्धांजलीच्या वेळी.

असं का होतं, हे समजून घ्यायचं तर आधी डॅनची भानगड समजून घेऊ, मग तालमीत जाऊ.

डॅन म्हणजे नेमकं काय?

डॅन ही पद्धत कराटेतून आली असं आपल्याला वाटतं. पण तिचं मूळ आहे एका बैठ्या खेळात. जपानमध्ये ‘गो’ नावाचा पटावरचा खेळ आहे. त्यातल्या खेळाडूंची पातळी सांगायला डॅन वापरले जायचे.

जिगोरो कानो या शिक्षकानं १८८२ मध्ये टोकियोत कोडोकान ही ज्युदोची शाळा काढली. त्यांनी ही डॅनची कल्पना उचलली आणि १८८३ मध्ये शिरो साईगो आणि त्सुनेजिरो तोमिता या आपल्या दोन शिष्यांना पहिला डॅन दिला. पुढं १९२४ मध्ये गिचिन फुनाकोशी यांनी हीच पद्धत कराटेत आणली. तिथून ती तायक्वांदोसकट बऱ्याच खेळांत पसरली.

यात गंमत अशी की आपण ब्लॅक बेल्टला शेवटचा मुक्काम समजतो, पण पहिल्या डॅनला जपानी भाषेत ‘शोदान’ म्हणतात. त्याचा अर्थ सुरुवातीची पायरी. म्हणजे काळा पट्टा मिळाला की माणूस शिकायला तयार झाला, एवढंच.

पहिल्या काही डॅनसाठी परीक्षा असते. काता, लढत, तंत्र सगळं बघितलं जातं. दोन डॅनमध्ये किती वर्षं जायला पाहिजेत, याचे नियम असतात आणि जसजसं वर जाल तसतसं हे अंतर वाढत जातं. वरच्या डॅनला तर कसोटीच बदलते. तुम्ही किती जणांना हरवलं हे मागं पडतं आणि तुम्ही किती जणांना उभं केलं हे महत्त्वाचं ठरतं. किती वर्षं शिकवलं, किती शिष्य पुढं शिक्षक झाले, कलेत काय भर घातली, याचा विचार होतो.

म्हणून सहावा-सातवा डॅन मिळालेले सर पन्नाशी-साठीचे असतात. त्यांची लाथ विशीतल्या पोरापेक्षा वर जाते म्हणून तो मिळत नाही. तो शिक्षकपणाचा मान असतो.

ज्युदोत तर हा मान पट्ट्यावर दिसतो. सहाव्या ते आठव्या डॅनला लाल-पांढरा पट्टा बांधता येतो, नवव्या-दहाव्याला पूर्ण लाल. आणि दहावा डॅन किती दुर्मीळ? कोडोकाननं २००६ मध्ये तिघांना दिला, तेव्हा सुरुवातीपासूनचा आकडा झाला फक्त पंधरा.

थोडक्यात, या पद्धतीत शिक्षकाची बढती कागदावर येते. तिला तारीख असते, सही असते, देणारा असतो, घेणारा असतो. त्यामुळं फ्लेक्स लावायला निमित्त मिळतं.

आता चला तालमीत.

पैलवानाची पायरी दिसते, वस्तादाची दिसत नाही

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात लग्नपत्रिका बघा, वाढदिवसाचे बॅनर बघा. नावाआधी ‘पै.’ लिहिलेलं सापडतंच. पै. म्हणजे पैलवान. डॉक्टरला डॉ., वकिलाला अ‍ॅड., तसं आपल्याकडं पै.

पैलवानाला वर चढायला पायऱ्याही आहेत. गावच्या जत्रेत नारळावरची कुस्ती, मग शंभर-दोनशेची, मग शेवटच्या मानाच्या जोडीत नाव, मग जिल्हा, मग महाराष्ट्र केसरी, मग हिंदकेसरी. प्रत्येक पायरीला गदा आहे, इनाम आहे, हलगी आहे आणि बघायला हजारो माणसं आहेत. लढत झाली, पाठ लागली, निकाल लागला. वाद झाला तरी तेवढ्यापुरता. वर्षानुवर्षं मातीत घासून मोडलेला कान तर असा दाखला आहे की तो कुणाला काढूनही घेता येत नाही.

वस्तादाचं तसं नाही. ‘वस्ताद’ हा शब्द फारसीतल्या ‘उस्ताद’वरून आला. मराठीत त्याला दोन अर्थ चिकटले. एक गुरू आणि दुसरा बेरकी, म्हणजे “लय वस्ताद माणूस आहे तो” म्हणतो तसा. पण पदवी म्हणून बघितलं तर ती कुणाच्या प्रमाणपत्रावर सापडत नाही.

लहुजी वस्ताद साळवे यांचं उदाहरण घ्या. पुण्यात त्यांची तालीम होती. दांडपट्टा, तलवार, कुस्ती शिकवायचे. साताऱ्याच्या खटाव तालुक्यातल्या कटगुणचं मूळ असलेल्या घराण्यातले जोतीराव फुले त्यांच्याकडं शिकले. लहुजींना वस्ताद ही पदवी कुठल्या दरबारानं किंवा संस्थेनं दिली नव्हती, लोकांनी दिली. १८८१ मध्ये ते गेले, पण पदवी नावातच मुरली. आजही त्यांचं नाव घेताना मधला ‘वस्ताद’ कुणी गाळत नाही.

मग वस्ताद होतो कसा?

तालमीत हे हळूहळू घडतं. एखादा पैलवान तिशी ओलांडतो, गुडघा किंवा खांदा कुरकुरायला लागतो, मैदानं कमी होतात. तो घरी बसत नाही, रोज हौद्याच्या कडेला येतो. लहान पोराचा पवित्रा चुकला की पाय सरळ करून देतो. म्हातारे वस्ताद एक दिवस म्हणतात, “आजपासून पोरांकडं जरा तू बघ.” एवढंच. कुठला समारंभ नाही.

मग कधीतरी एखादं नवखं पोरगं त्याला वस्ताद म्हणून हाक मारतं. सुरुवातीला तो ओशाळतो. दहा वर्षांनी गावच त्या नावानं ओळखायला लागतं. जत्रा कमिटी कुस्त्यांची जोड लावायला त्याला बोलावते. कोणता पोरगा कुणाशी लढला तर बरोबरीचं होईल आणि कोणाचा हात मोडेल, हे त्याच्या नजरेवर सोडलं जातं. मैदानाच्या पूजेचा नारळ त्याच्या हातात येतो, डोक्याला फेटा बांधला जातो. हीच त्याची परीक्षा आणि हाच निकाल.

कामाचा आवाका बघितला तर चक्रावायला होतं. हौद्यातली माती खणून ती ताक, हळद, लिंबू, तेल घालून मऊ ठेवायची. कोण पहाटे उठलं नाही, कोण रात्री उशिरा आलं, कुणाच्या घरून खुराकाचे पैसे आले नाहीत, सगळ्यावर लक्ष. दूध-बदामाला पैसे नसलेल्या पोराची सोय गावातल्या कुणाकडून तरी लावून द्यायची. पोरगं हरलं तर बापाच्या आधी वस्तादाला झोप लागत नाही.

आणि म्हणूनच ती प्रसिद्ध म्हण, वस्ताद सगळे डाव शिकवतो, पण एक राखून ठेवतो. राजकारणावरच्या गप्पांत ती आता फार वापरली जाते आणि तिथं तिचा अर्थ असतो चलाखी. तालमीत तिचा आणखी एक अर्थ लागतो. शिष्य कितीही मोठा झाला तरी त्याला परत यावंसं वाटेल, असं काहीतरी वस्तादाकडं शिल्लक असतं.

फक्त या सगळ्याची नोंद कुठंच नसते. ती नसल्यानं काय होतं, ते कराडपासून बघू.

हेलसिंकीला गेलेला पैलवान आणि मागं राहिलेली नावं

साताऱ्यातलं कराड, तिथून जवळचं गोळेश्वर. १५ जानेवारी १९२६ ला इथं खाशाबा जाधव जन्मले. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. २३ जुलै १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये खाशाबांनी ५७ किलो गटात कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं, लिएंडर पेसचं. मधली वर्षं मोजा, ४४.

त्या गटात सुवर्ण कुणाला मिळालं माहितीये? जपानच्या शोहाची इशी यांना. हे इशी आधी ज्युदोवाले. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान अमेरिकेच्या ताब्यात असताना ज्युदोवर निर्बंध आले आणि ते कुस्तीकडं वळले. म्हणजे एका बाजूला डॅनच्या शिडीतून आलेला खेळाडू आणि दुसऱ्या बाजूला कराडच्या मातीतून आलेला. दोघंही एकाच मॅटवर उतरले होते.

खाशाबांच्या गोष्टीत कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर येतात. खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला त्यांनी आपलं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकच्या वेळी मार्गदर्शन करणारे रीस गार्डनर हे परदेशी प्रशिक्षकही येतात. तिथं खाशाबा सहावे आले होते.

पण कराडमध्ये शाळकरी वयात त्यांना डाव शिकवणारे कोण? त्यांच्या चरित्रात बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी ही नावं येतात. बस्स, नावं येतात. त्यांच्यावर फार काही लिहिलेलं हाताला लागत नाही. देशाला पहिलं वैयक्तिक पदक देणाऱ्या माणसाचा पाया ज्यांनी घातला, त्यांच्या वाट्याला चरित्रातली एक ओळ आली.

खुद्द खाशाबांचं काय झालं? १९५५ मध्ये ते पोलीस दलात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. तिथं स्पर्धा जिंकल्या, क्रीडा प्रशिक्षक म्हणूनही काम केलं. २७ वर्षांच्या नोकरीनंतर असिस्टंट पोलीस कमिशनर म्हणून निवृत्त झाले आणि पुढं पेन्शनसाठी त्यांना झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ ला अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला २००० सालचा, मरणोत्तर. पदकानंतर ४८ वर्षांनी.

पुनवतचे आंदळकर, मोतीबागेचे वस्ताद

आता सांगली जिल्हा. शिराळा तालुक्यातलं पुनवत हे गणपतराव आंदळकरांचं गाव. कुस्तीसाठी ते कोल्हापूरला गेले. त्या काळी सातारा-सांगलीच्या चांगल्या पोराची वाट कोल्हापूरकडंच जायची. शाहू महाराजांनी तालमींना बळ दिलं होतं, खासबागसारखं मैदान उभं केलं होतं, त्यामुळं तिथं शिकायलाही मिळायचं आणि लढायलाही.

आंदळकर १९६० ला हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळवलं. १९६४ ला टोकियो ऑलिम्पिक खेळले, त्याच वर्षाचा अर्जुन पुरस्कारही मिळाला. म्हणजे पैलवान म्हणून त्यांना मान वेळेत मिळाला.

पण त्यांच्या आयुष्याचा दुसरा भाग याहून कितीतरी लांब आहे. लढणं थांबवल्यावर ते कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत वस्ताद म्हणून उभे राहिले आणि पिढ्यान्‌पिढ्या पोरं घडवत राहिले. त्यांच्या शिष्यांतलं मोठं नाव म्हणजे दादू चौगुले. १९७० आणि १९७१ असे सलग दोनदा महाराष्ट्र केसरी, १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक. पुढं दादूंचा मुलगा विनोद हिंदकेसरी झाला. कराटेवाले ज्याला गुरुपरंपरा म्हणून भिंतीवर फ्रेम करून लावतील, ती ही अशी आहे.

आता तारखा नीट बघा.

१६ सप्टेंबर २०१८ ला गणपतराव आंदळकर गेले. २५ सप्टेंबर २०१८ ला राष्ट्रपती भवनात क्रीडा पुरस्कार दिले गेले. त्यात दादू चौगुले यांना ध्यानचंद पुरस्कार होता. खेळताना केलेली कामगिरी आणि निवृत्तीनंतरही खेळासाठी केलेलं काम, दोन्ही बघून हा जीवनगौरव दिला जायचा.

शिष्याला मिळालेला देशपातळीवरचा मान बघायला वस्ताद फक्त नऊ दिवस कमी पडले. राष्ट्रकुलचं रौप्य १९७४ चं होतं, मधे ४४ वर्षं होती. त्यातला कुठलाही एक सप्टेंबर आधी चालला असता. आणि पुढच्याच वर्षी, २० ऑक्टोबर २०१९ ला, दादू चौगुलेही गेले.

उशीर हा आपल्याकडं नियमच झालाय का?

सांगली जिल्ह्यातलीच आणखी दोन उदाहरणं बघा. मिरज तालुक्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने. जकार्ता १९६२ ला फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण, ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. १९६४ चे हिंदकेसरी. ध्यानचंद पुरस्कार मिळाला २००५ ला, म्हणजे एशियाडनंतर ४३ वर्षांनी. त्यानंतर पाच वर्षांनी ते गेले.

वाळवा तालुक्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर. १९७२ ला हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्ण, भारताचं पहिलं. पद्मश्री २०१८ ला. ध्यानचंद पुरस्काराच्या जागी आलेला जीवनगौरवाचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी.

हे झाले पदक मिळवणारे, ज्यांची नोंद निकालाच्या यादीत छापली गेली होती. ज्यांची नोंदच नाही त्या वस्तादांचं काय, हा विचार करा.

मग शिक्षकांसाठी पुरस्कार नाहीत का? आहेत. केंद्राचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ ला सुरू झाला. पहिल्याच वर्षी तिघांना मिळाला. अ‍ॅथलेटिक्सचे ओ. एम. नांबियार, बॉक्सिंगचे ओमप्रकाश भारद्वाज आणि कुस्तीचे भालचंद्र भास्कर भागवत. म्हणजे देशाच्या पहिल्या द्रोणाचार्यांत कुस्तीचा गुरू होता. राज्याच्या शिवछत्रपती पुरस्कारांतही मार्गदर्शकांसाठी वेगळा मान आहे.

अडचण मोजमापाची आहे. असे पुरस्कार प्रामुख्यानं शिष्यांनी आंतरराष्ट्रीय स्पर्धांत काय मिळवलं ते बघतात. ते चूक नाही, काहीतरी माप लागणारच. पण आपल्याकडं एक पैलवान तीन-चार हातांखालून जातो. गावातला वस्ताद त्याला आठव्या वर्षी लंगोट बांधायला शिकवतो. मग तो तालुक्याच्या तालमीत जातो, मग कोल्हापूर नाहीतर पुणे, मग राष्ट्रीय शिबिर. पदक मिळतं तेव्हा शेजारी उभा असतो तो शेवटचा प्रशिक्षक. पहिला वस्ताद त्या वेळी गावात दुसऱ्या आठ वर्षांच्या पोराचा पवित्रा सरळ करत असतो.

डॅनची शिडी मात्र शेवटच्या पदकावर टांगलेली नाही. शिष्य ऑलिम्पिकला गेला नाही तरी तीस वर्षं नेटानं शिकवलेल्या माणसाला ती वरची पायरी देऊ शकते. हा तिचा मोठा गुण.

म्हणजे डॅन पद्धत एकदम निर्दोष का?

नाही. केइको फुकुदा यांची गोष्ट बघा. या बाई खुद्द जिगोरो कानोंच्या शिष्या. त्यांचे आजोबा कानोंचे जुजुत्सुचे गुरू होते. १९५३ ला त्यांना पाचवा डॅन मिळाला आणि तिथंच गाडी अडकली. कारण बाईला पाचव्याच्या वर न्यायचंच नाही, असा कोडोकानचा शिरस्ता होता. सहावा मिळाला १९७२ मध्ये. कोडोकाननं नववा दिला २००६ ला. दहावा २०११ मध्ये अमेरिकेच्या ज्युदो संघटनेनं दिला, तेव्हा त्या ९८ वर्षांच्या होत्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्या गेल्या. थोडक्यात, शिडी असली तरी शिडी धरणारे हात भेदभाव करू शकतात.

दुसरी गोष्ट, कराटेत डॅन देणारी जगभरात एकच संस्था नाही. वेगवेगळ्या शैली, वेगवेगळ्या संघटना आणि प्रत्येकाचे डॅन वेगळे. त्यामुळं फ्लेक्सवर नुसता आकडा वाचून काही कळत नाही. कोणत्या शैलीचा डॅन, कोणत्या संस्थेनं दिला, आधीचा डॅन कधी मिळाला होता, हे तीन प्रश्न विचारले तर खरा मान आणि विकत घेतलेला कागद यातला फरक बऱ्यापैकी कळतो. ज्यांनी घाम गाळून मिळवलाय त्यांना या प्रश्नांचा राग येत नाही, उलट ते आनंदानं सांगतात.

आणि बाईंचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडचंही बघू. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं ती गदा उचलली. आधीच्या वर्षी, २०२२ ला, पुरुषांची महाराष्ट्र केसरी साताऱ्यात झाली होती. पुरुषांची ही स्पर्धा १९६१ ला सुरू झाली, म्हणजे पोरींना सहा दशकं वाट बघावी लागली. आता पोरी पैलवान झाल्यात. अजून वीस वर्षांनी त्यातल्या काही जणी तालीम चालवत असतील. तेव्हा त्यांना वस्ताद म्हणायला आपली जीभ अडखळणार नाही, एवढी तयारी आत्तापासून करायला हवी.

आपण काय करू शकतो?

तालमीत बेल्ट आणा, परीक्षा घ्या, असं कुणी म्हणत नाहीये. वस्ताद हा शब्द लोकांनी द्यायचा असतो, त्यातच त्याची किंमत आहे. पण डॅनवाल्यांकडून एक गोष्ट जरूर घेता येईल, ती म्हणजे लिहून ठेवणं.

तुमच्या गावातल्या वस्तादांनी कधीपासून शिकवायला सुरुवात केली, ते वर्ष लिहा. त्यांचे वस्ताद कोण होते आणि त्यांचेही कोण, हे त्यांच्याच तोंडून ऐका आणि रेकॉर्ड करा. मोबाईल तर सगळ्यांच्या खिशात आहे. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पोरांची यादी करा. फक्त केसरी झालेल्यांची नको. पोलिसात लागलेला, सैन्यात गेलेला, शाळेत पीटी शिकवणारा, दारूच्या नादातून बाहेर पडून शेती करणारा, सगळे त्यात येऊ द्या. तालमीतल्या भिंतीवरच्या जुन्या फोटोंच्या मागं नावं आणि सालं लिहा. आणखी दहा वर्षांनी ती ओळखणारा माणूस नसेल.

याचा व्यावहारिक फायदाही आहे. पुरस्काराचा अर्ज असो की मानधनाचा, तिथं कागद मागतात. “साहेब, अख्ख्या गावाला माहितीये” हे वाक्य कुठल्याच अर्जाच्या रकान्यात बसत नाही.

आणि सन्मान करायचा तर तो चालत्या-बोलत्या माणसाचा करा. गावच्या मैदानात शेवटची कुस्ती लागायच्या आधी पाच मिनिटं हलगी थांबवा. वस्तादांना हौद्यात बोलवा, त्यांच्या हाताखाली शिकलेल्या सगळ्यांना उभं राहायला सांगा. वयानं साठीला आलेला एखादा आणि सहा वर्षांचा एखादा, दोघंही एकाच वेळी उठले की प्रमाणपत्राची गरज राहत नाही. त्याचा व्हिडिओ मात्र नक्की काढा आणि खाली नाव, गाव, तारीख टाका.

कराटेच्या सरांना सहावा डॅन मिळाला असेल तर त्यांचंही मनापासून अभिनंदन करा. फक्त इमोजीवर न थांबता विचारा, “सर, किती वर्षं शिकवताय? तुमचे सर कोण?” वरच्या डॅनचा मान शिकवण्यातल्या या वर्षांसाठीच तर असतो.

बलावडे आणि बेलापुरे गुरुजींना हे विचारायची वेळ निघून गेली. तुमच्या तालमीतल्या वस्तादांना विचारायची अजून आहे. उद्या पहाटे ते हौद्यावर असतीलच.